नलिनीबाईंनी काशीत सोडलेलं चॉकलेट

रविवारची दुपार आहे. जेवणं आटोपली आहेत आणि नलिनीबाई खिडकीचा पडदा ओढून पलंगावर आडव्या झाल्या आहेत. झोप लागलेली नाही, पण लागू म्हणतेय. पडद्यावरची फुलं हळूहळू एकमेकांत मिसळताहेत. स्वयंपाकघरातून पातेलं खरवडल्याचा आवाज येतोय, खर्र खर्र. त्यांची लेक केतकी चॉकलेट पुडिंगचं पातेलं खरवडून खातेय, आणि रागानं खातेय, हे नुसत्या आवाजावरून कळतं.

राग कशाचा, ते सांगायला हवं. आज केतकीच्या बाबांचा, दिगंबररावांचा वाढदिवस. ते जाऊन तीन वर्षं झाली. साताऱ्यातल्या एका हायस्कुलात ते प्रयोगशाळा सहायक होते आणि दर रविवारी घरी चॉकलेट पुडिंग करायचे. त्याला ते पुडिंग म्हणतच नसत, प्रयोग म्हणत. दूध काचेच्या बीकरनं मोजायचं (शाळेतल्या नव्हे, स्वतः विकत आणलेल्या, हे आल्यागेल्याला ऐकवायचं), कोको, कॉर्नफ्लोअर, साखर ओट्यावर ओळीनं मांडायचं, आणि गॅस बंद केला की सगळ्यांकडे पाठ करून पातेल्यात चिमूटभर काहीतरी टाकायचं. काय टाकलं विचारलं की एकच उत्तर, "उत्प्रेरक." म्हणजे तो असला की क्रिया झटपट होते, पण तो स्वतः कुठे दिसत नाही. हा उत्प्रेरक कोणता, हे त्यांनी बायकोला सांगितलं नाही की लेकीला सांगितलं नाही. त्यांना वाटलं असणार, घाई काय आहे. मग एके सकाळी चहाचा कप हातात असतानाच ते गेले आणि सांगायचं राहून गेलं.

तेव्हापासून दर वाढदिवसाला केतकी पुण्याहून येते आणि पुडिंग करते. दूध तेच, कोको तोच, बीकरसुद्धा तोच. चव येत नाही. दालचिनी घालून झाली, कॉफी झाली, वेलदोडा झाला, मीठही झालं. खरी अडचण अशी की बाबांच्या पुडिंगची चव नेमकी कशी होती, हे तिला स्वतःलाच आता धड आठवत नाही. ती चव पक्की ठाऊक असलेली एकच जीभ उरली आहे, नलिनीबाईंची, आणि ती काशीत अडकून पडली आहे.

काशीला अस्थी घेऊन गेलं की आपल्या आवडीचा एक पदार्थ तिथे सोडून यायचा असतो, पुन्हा आयुष्यात तोंडात घालायचा नाही. माणसं यात फार हुशार असतात. स्वतः दिगंबरराव वडिलांच्या अस्थी घेऊन गेले तेव्हा दोडका सोडून आले होते. दोडका म्हणजे त्यांचा सात जन्मांचा वैरी. ताटात दिसला तरी ताट सरकवायचे. पण गुरुजींसमोर हात जोडून, चेहरा पाडून त्यांनी सांगितलं होतं, दोडका माझा जीव की प्राण आहे. नलिनीबाईंची पाळी आली तेव्हा जावेनं त्यांच्या कानात सांगून पाहिलं, सीताफळ सोडा वहिनी, तसंही दोन महिनेच येतं. नलिनीबाईंनी ऐकलं नाही. गुरुजींनी काय सोडता विचारलं आणि त्या म्हणाल्या, चॉकलेट. गुरुजींनी दोनदा विचारून घेतलं.

आज सकाळी केतकीनं चमचा त्यांच्या तोंडापाशी धरला होता. नुसता जिभेला लाव, गिळू नकोस, म्हणाली. नलिनीबाईंनी मान फिरवली. मग केतकी चमचा खाली ठेवून शांतपणे म्हणाली, "आई, हे शेवटचं. यंदाही जमलं नाही तर मी पुन्हा करणार नाही." जेवताना दोघी फक्त वाढू का आणि पुरे एवढंच बोलल्या.

पातेलं खरवडल्याचा आवाज चालूच आहे. खर्र, खर्र. मग तो जरा संथ होतो, गोल फिरू लागतो. हा खरवडल्याचा आवाज नाही, ढवळल्याचा आहे. नलिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत आणि ओट्याशी दिगंबरराव आहेत, प्रयोगशाळेतला पांढरा कोट घालून, खिशाला पेनाचा निळा डाग तसाच.

नलिनीबाईंना आश्चर्य वाटत नाही. त्यांना आधी दिसतो तो उघडा पडलेला मसाल्याचा डबा.

"माझ्या डब्यात हात घालू नका म्हणून किती वेळा सांगितलं," त्या म्हणतात.

दिगंबरराव उजवी मूठ मिटून पाठीमागे लपवतात. चोरी करताना पकडलेल्या माणसाच्या मानानं ते भलतेच खूष दिसताहेत. म्हणतात, भांडण नंतर, आधी चप्पल घाल, टेबल धरून ठेवलंय, किती वेळ ठेवतील सांगता येत नाही. आणि ते फ्रिजचं दार उघडून आत शिरतात.

आत जायला चांगली ऐसपैस जागा आहे. दुधाच्या पिशव्या जरा बाजूला सारल्या की जिना लागतो, गार, काचेच्या कठड्याचा. वर पोचेपर्यंत नलिनीबाईंच्या अंगावर त्यांची मोरपंखी साडी आलेली असते, आणि ती साडी दिसताच त्या आनंदानं पदर सारखा करतात, कारण ही जागा त्यांना ठाऊक आहे. पुण्यातलं हेच ते हॉटेल. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दिगंबरराव त्यांना इथे घेऊन आले होते. सिझलिंग ब्राउनी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा इथेच पाहिली. वेटरनं काळंभोर लोखंडी ताट टेबलावर ठेवलं, ब्राउनीवर आइस्क्रीम, आणि वरून चॉकलेटचा सॉस ओतला मात्र, ताट असं चरचरलं आणि एवढा धूर उसळला की नलिनीबाईंनी प्रसंगावधान राखून पाण्याचा पेला उचलला आणि ब्राउनी विझवली. सगळं हॉटेल वळून बघत होतं. दिगंबरराव हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात होते. मग त्यांनी ती ओली ब्राउनी चमच्यानं खाल्ली, सगळी, आणि अप्रतिम आहे असं वेटरला सांगितलं. त्यानंतर दरवर्षी एकदा ते पुण्याला ब्राउनी खायला यायचेच. दोघांत एक घ्यायचे, चमचे दोन, आणि शेवटचा घास नलिनीबाईंचा.

आता त्याच टेबलाशी ते बसतात. टेबलाला मध्येच प्रयोगशाळेतल्यासारखा पितळी नळ आहे आणि खिडकीबाहेर पुणं नाही, शाळेचं मैदान आहे. आजूबाजूची टेबलं भरलेली आहेत. सगळे खाताहेत. एका आजोबांपुढे चॉकलेट मूसचा उंच पेला आहे, पलीकडे दोघी बहिणी एकाच वाटीतलं गरम फज ओढून ओढून खाताहेत, एक मिशाळ गृहस्थ केकचा तुकडा दाबून त्यातून ओघळणाऱ्या चॉकलेटकडे देवाचं दर्शन घ्यावं तसे बघताहेत. वासानं नलिनीबाईंच्या तोंडाला पाणी सुटतं. तीन वर्षांत पहिल्यांदाच सुटतं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटते.

तोच जुना वेटर येतो. टेबलावरचा पाण्याचा पेला आठवणीनं उचलून दूर ठेवतो. नलिनीबाईंपुढे काही ठेवत नाही. दिगंबररावांपुढे फ्रूट सॅलडची वाटी ठेवतो आणि जातो.

"हे काय?" नलिनीबाई विचारतात. फ्रूट सॅलड हा आजारी माणसाला भेटायला जाताना न्यायचा पदार्थ आहे असं ज्यांचं मत, त्यांच्यापुढे ही वाटी.

दिगंबरराव केळ्याचा काप चमच्यानं इकडून तिकडे ढकलतात. मग सांगू लागतात. इथे सगळं मिळतं, हवं तितकं मिळतं. नियम एकच आहे. घरच्यांनी आपल्या नावानं जे सोडलं, ते आपल्यालाही बंद. त्या मिशाळ गृहस्थांच्या मुलानं फणस सोडला, त्यांचं छान चाललंय, त्यांना फणसाचा वाससुद्धा चालत नव्हता. आजोबांच्या घरच्यांनी सीताफळ सोडलं. तीन वर्षांत घरच्यांनी चॉकलेट सोडलेलं माणूस इथे एकच आलं.

"आल्या दिवशी मोठ्या तोऱ्यात ब्राउनी मागवली मी," ते म्हणतात. "वेटर म्हणाला, साहेब, तुम्हाला देता येणार नाही, घरून सोडलंय. मी म्हटलं, शक्यच नाही, माझी बायको आणि चॉकलेट सोडेल?"

नलिनीबाईंचा चेहरा उतरतो. ज्या माणसासाठी म्हणून सोडलं, त्याच्याच तोंडचा घास आपण तीन वर्षं काढून घेतला, हे त्यांना एकदम कळतं आणि कुठे तोंड लपवावं ते कळत नाही. त्यांना रडू येतंय आणि त्या मिशाळ गृहस्थांकडे बघून हसूही येतंय.

"मला पुण्य नको होतं हो," त्या म्हणतात. "तुम्ही गेल्यावर केतकीनं एकदा केक आणला होता. मी एक घास घेतला आणि दुसरा चमचा कुठे आहे म्हणून बघत बसले. एकटीनं खाणं मला जमेना. म्हणून सोडलं."

दिगंबरराव चष्मा काढून कोटाच्या टोकानं पुसतात. तो त्यांनी जन्मभर रुमालानं पुसावा म्हणून नलिनीबाई ओरडत आल्या.

"आणि मी कुणाबरोबर खायचं होतं, नलू?"

नलिनीबाई फ्रूट सॅलडची वाटी आपल्याकडे ओढतात आणि लांब सारून देतात. पण दिगंबररावांना उत्तर नकोच आहे. त्यांनी आधीच सगळं ठरवून ठेवलंय, प्रयोगाचं साहित्य मांडल्यासारखं. ऊठ, म्हणतात, अदलाबदल करता येते, मी चौकशी केली आहे.

दोघं हॉटेलचा जिना उतरतात. पायऱ्या संपतच नाहीत, रुंद होत जातात, दगडाच्या होतात, ओल्या होतात. खाली नदी आहे. घाटावर कुणी नाही, फक्त कोवळं ऊन आहे आणि एका पायरीवर हॉटेलचं मेनूकार्ड पडलंय. दिगंबरराव पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उभे राहतात. नलिनीबाईंचा हात धरतात. दिगंबररावांच्या बोटांना कसला तरी वास येतोय, खूप ओळखीचा, होळीच्या दिवशी सकाळपासून घराला येतो तसा. नलिनीबाई आठवू पाहतात, पण तेवढ्यात ते पाण्याकडे तोंड करून खणखणीत आवाजात बोलू लागतात.

"मी दिगंबर. वडिलांच्या नावानं इथे दोडका सोडला होता. तो मी परत घेतोय. त्याच्या बदल्यात हिचं चॉकलेट हिला परत करा."

नलिनीबाई त्यांचा हात ओढतात. दोडका तुमच्या घशाखाली उतरत नाही, त्या सांगतात. माझ्या आईनं पहिल्या दिवाळसणाला दोडक्याची भाजी केली, तर पोट दुखतंय म्हणून उपाशी उठलात. तिथे रोज वाढतील तर काय कराल?

"खाईन," दिगंबरराव म्हणतात. "तीन वर्षं फ्रूट सॅलड खाल्लंय, आता मला कशाची भीती नाही." मग जरा हळू म्हणतात, "खोटं बोलून सोडला होता गं. कधीतरी खायलाच हवा होता."

पाण्यावर तरंग उठतो आणि एक लांबट, शिरांचा, हिरवागार दोडका वाहत वाहत त्यांच्या पायाशी येऊन लागतो. दिगंबरराव तो उचलतात, साप धरावा तसा दोन बोटांत धरतात आणि कोटाच्या खिशात घालतात. निम्मा दोडका खिशाबाहेर राहतो. नलिनीबाई इतक्या हसतात की त्यांना घाटाच्या पायरीवर बसावं लागतं, आणि बसतात तर ती पायरी नसते, हॉटेलातली खुर्ची असते.

आता सगळं हॉटेल त्यांच्याकडे बघतंय. मूसवाले आजोबा चमचा थांबवून वाट बघताहेत. वेटर लांबून ताट घेऊन येतोय, दोन्ही हातांनी, मिरवणुकीत यावा तसा. काळंभोर लोखंडी ताट, त्यावर ब्राउनी, वर आइस्क्रीम. तो सॉस ओततो आणि ताट चरचरतं, धूर उसळतो, चॉकलेट कडेला जाऊन बुडबुडे धरतं. नलिनीबाईंचे हात आपोआप पाणी शोधतात. पेला तिथे नाही. दिगंबरराव पहिला घास घेतात, डोळे मिटतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते बघून नलिनीबाईंना वाटतं, आपल्याला आता खाल्लं नाही तरी चालेल.

पण एक विचारायचं राहिलंय. केतकीसाठी विचारायलाच हवं.

"अहो, तो उत्प्रेरक कोणता? पोरगी आता नाद सोडायला निघालीय. लवकर सांगा."

धूर वाढतोय. दिगंबररावांचा नुसता आवाज येतो, तोंडात घास असलेला.

"मला काय विचारतेस? जीभ कुणाची आहे? चाखून बघ की."

चमचा कुठे आहे ते धुरात दिसत नाही. नलिनीबाई घाईनं हात पुढे करतात. ताट तापलंय, हात लावू नकोस, असं ते म्हणतात, ते त्यांना ऐकूही येतं. तोवर बोट ताटाच्या कडेला टेकलेलं असतं.

नलिनीबाई उठून बसतात. पडद्यावरची फुलं आपापल्या जागी आहेत. साडेचार वाजलेत. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला आग होतेय म्हणून त्या ते उजेडात धरतात. बोटाच्या टोकाला भाजल्याचा लाल डाग आहे आणि त्यावर साबुदाण्याएवढा फोड आलाय, पाणी धरलेला, नवाकोरा. आज त्यांनी गॅसला हात लावलेला नाही. स्वयंपाक सगळा केतकीनं केला. इस्त्री तर महिनाभरापासून बंद पडलीय.

त्या तशाच अनवाणी स्वयंपाकघरात जातात. केतकी टेबलाशी बसून फोन बघतेय, ती मान वर करत नाही. नलिनीबाई फ्रिज उघडतात, दुधाच्या पिशव्या बाजूला सारतात आणि मागे क्षणभर बघतात. जिना नाही. पुडिंगचं भांडं मात्र आहे, गार, वरून चकचकीत. त्या ते टेबलावर ठेवतात आणि भाजलेलं बोट सरळ त्यात बुडवतात. बोटाला एकदम थंडावा मिळतो. केतकी आता मान वर करून बघतेय. तिच्याकडे बघत नलिनीबाई बोट तोंडात घालतात.

आधी गोड लागतं. मग कोकोचा कडवटपणा येतो, मग दुधाची साय. तीन वर्षांनी जीभ अशी जागी झालीय की त्यांना गालांच्या आतून दुखतं. आणि सगळं संपल्यावर, घास गिळून झाल्यावर, जिथे अजून एक काहीतरी उरायला हवं तिथे जागा मोकळी आहे. त्या डोळे मिटून त्या मोकळ्या जागेत काय होतं ते आठवतात. काहीतरी उष्ण होतं. लाकडासारखं, जरासं गुंगवणारं. दर रविवारी पुडिंग खाल्लं की तिघंही संध्याकाळपर्यंत ढाराढूर झोपायची. आणि घाटावर दिगंबररावांच्या बोटांना होळीचा वास येत होता, पुरण शिजत असताना येतो तो.

"जायफळ," नलिनीबाई म्हणतात.

केतकीला कळत नाही. नलिनीबाई मसाल्याचा डबा उघडतात, जायफळ काढतात, किसणी शोधतात, आणि हे सगळं करताना बोलत राहतात, की घरात पुरण वर्षातून दोनदा व्हायचं आणि जायफळ दर दोन महिन्यांनी संपायचं, पंचवीस वर्षं आपण त्या वाण्याला नावं ठेवली, त्या बिचाऱ्याला उगाच लहान जायफळं देतोस म्हणून ऐकवलं, आणि चोर इथे ओट्याशी पाठ करून उभा होता. थोडं जायफळ किसून त्या एका वाटीभर पुडिंगमध्ये घालतात, ढवळतात आणि चमचा केतकीच्या तोंडापाशी धरतात.

केतकी खाते. घास तोंडात तसाच धरून ती आईकडे बघते, मग बाबांच्या खुर्चीकडे बघते, आणि लहान असताना रडायची तशी तोंड उघडं टाकून रडायला लागते. दात चॉकलेटनं माखलेले आहेत. नलिनीबाई दुसरा चमचा घेतात आणि स्वतः खातात. हेच ते. अगदी हेच. दोघी एकाच वाटीतून खातात आणि वाटी संपली की भांड्यातून घेतात, पुन्हा किसतात, पुन्हा खातात.

मग नाक पुसत केतकी विचारते, "पण आई, तू तर काशीत सोडलं होतंस ना?"

"बदलून घेतलं."

"कुणाशी?"

नलिनीबाई बोटावरचा फोड अंगठ्यानं हळूच चाचपतात. फुटू नये अशा बेतानं.

"उद्या बाजारात जाशील तर अर्धा किलो दोडके आण. कोवळे बघून आण. नैवेद्याला करते."

"बाबांना? बाबा तर दोडक्याला शिवायचे नाहीत."

"आता खातात," नलिनीबाई म्हणतात आणि भांड्यातला शेवटचा घास दोन चमच्यांत वाटून घेतात.